पाहण्याची नीती : ओदीलच्या डोंगराभोवतीची वाट

१

आल्सासमध्ये, व्होज पर्वतरांगेच्या पूर्वकडेला, ऱ्हाईनच्या मैदानाकडे तोंड करून उभ्या असलेल्या सुमारे ७६० मीटर उंचीच्या डोंगरावर संत ओदीलचा मठ आहे. फ्रेंच भाषेत या डोंगराला मों सँत-ओदील म्हणतात, जर्मनमध्ये ओडिलिएनबेर्ग. मठाच्या आवारात अनेक लहानलहान प्रार्थनागृहे आहेत. त्यांपैकी एकात ओदीलची दगडी शवपेटी आहे. डोंगराच्या माथ्याभोवती घनदाट अरण्यातून सुमारे दहा-अकरा किलोमीटर लांबीची एक प्राचीन भिंत फिरते. तिच्या कडेने जाणारी पायवाट कधी भिंतीला बिलगते, कधी सुळक्यांच्या तळाशी उतरते, कधी कड्याच्या टोकावर येऊन मैदानाचा विस्तार दाखवते आणि चार-पाच तासांनी चालणाऱ्याला निघाल्या ठिकाणी आणून सोडते.

वर्तुळाकार वाटेचे एक वैशिष्ट्य असे, की तिला गंतव्य नसते. बाजाराची, शेताची वा शाळेची वाट कोठेतरी पोहोचवते. पोहोचणे हेच तिच्या असण्याचे समर्थन असते. जी वाट निघाल्या जागीच परत येते तिचे समर्थन मात्र वाटेवरच शोधावे लागते. ते बहुधा 'पाहणे' या एका शब्दात दिले जाते. या वाटेने लोक जातात ते खडक, अरण्य, भिंत आणि मठ पाहण्यासाठी. मग प्रश्न उरतो तो असा : या वाटेवरचा माणूस नेमके काय पाहतो? आणि त्याने अमुक पाहिलेच पाहिजे, असे त्याला बजावता येईल काय? पहिला प्रश्न आस्वादमीमांसेचा आहे, दुसरा नीतीचा. दोन्ही प्रश्न वेगळे ठेवण्याची सोय कलाकृतीच्या बाबतीत काही प्रमाणात असते. स्थळाच्या बाबतीत ती सोय टिकते का, हे तपासण्यासाठी हा डोंगर विशेष उपयुक्त आहे.

२

खडकांपासून आरंभ करणे योग्य होईल. हा डोंगर तांबूस वालुकाश्माचा आहे आणि त्याच्या माथ्यावर गोट्यांनी खच्चून भरलेल्या पिंडाश्माचा कठीण थर आहे. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून वाहत येणाऱ्या नद्यांनी वाळू आणि गारगोट्या येथे आणून टाकल्या, त्यांचा खडक झाला, लोहाच्या ऑक्साइडाने त्याला तांबडा रंग आला. खालचा वालुकाश्म लवकर झिजतो, वरचा पिंडाश्म टिकून राहतो. त्यामुळे कड्यांना पुढे झुकलेल्या कपाळासारखा आकार येतो. दक्षिण टोकाचा मेनेलश्टाइन हा आठशे मीटरांहून उंच कडा अशा खडकांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे.

ही माहिती नसलेल्या माणसालाही हे खडक सुंदर किंवा भव्य वाटतात. इमॅन्युएल कांटने १७९० मधील आपल्या ग्रंथात मांडलेली भूमिका अशी, की रुचिनिर्णयासाठी वस्तू काय आहे वा कशासाठी आहे याच्या संकल्पनेची गरज नसते. तिच्या असण्या-नसण्यात प्रेक्षकाचा हितसंबंधही गुंतलेला नसतो. या भूमिकेतून पाहता गोट्यांचा उगम ठाऊक असणे ही आस्वादाबाहेरची बाब ठरते. याच्या विरोधात ॲलन कार्लसनने १९७९ पासून सातत्याने असे प्रतिपादन केले, की निसर्गाचा योग्य आस्वाद घ्यायचा तर तो 'निसर्ग म्हणून' घेतला पाहिजे आणि त्यासाठी भूविज्ञान, जीवविज्ञान यांच्या ज्ञानाची गरज असते. चित्राचा आस्वाद घेताना ते कोणत्या शैलीचे आहे हे जाणणे आवश्यक असते, तसेच हे. कड्याला 'राक्षसाचे डोके' म्हणून पाहणारा माणूस कडा पाहतच नाही, आपली कल्पना पाहतो.

रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथामुळे मराठी समीक्षेला या ताणाची चांगली ओळख आहे. सौंदर्याची संकल्पना एकसंध नसून द्विध्रुवात्मक आहे, तिच्या एका टोकाला लौकिक व्यवहारापासून अलग असलेला अनुभव आणि दुसऱ्या टोकाला जीवनाशी, ज्ञानाशी, नीतीशी जोडलेला अनुभव असतो, हे पाटणकरांचे प्रतिपादन येथे लागू पडते. परंतु दोन ध्रुव आहेत असे मान्य केल्याने विशिष्ट प्रसंगी कोणत्या ध्रुवाकडे जायचे याचा निर्णय आपोआप होत नाही. खडकाच्या बाबतीत तो निर्णय फारसा जड नाही. गोट्यांचा इतिहास न जाणता कोणी कड्यावर मुग्ध झाला तर त्या खडकाचे काही बिघडत नाही. अन्याय होण्यासाठी ज्याच्यावर अन्याय व्हावा असे कोणीतरी असावे लागते. ओदीलच्या डोंगरावर मात्र पहिल्या वळणानंतरच ते कोणीतरी भेटू लागतात.

३

प्रथम भेटते ती भिंत. सुमारे तीन लाख दगडी ठोकळ्यांची ही रचना आहे. काही ठिकाणी ती तीन मीटर उंच उभी आहे. ठोकळे एकमेकांना जोडण्यासाठी त्यांत पारव्याच्या शेपटीच्या आकाराच्या खाचा कोरून ओक लाकडाच्या खुंट्या बसवल्या होत्या. आज खुंट्या बहुतेक नष्ट झाल्या आहेत, खाचा शेवाळाने भरल्या आहेत. अकराव्या शतकापासून या भिंतीला 'मूर्तिपूजकांची भिंत' म्हणतात. जी गोष्ट आपल्या धर्माआधीची वाटते तिला 'त्या लोकांची' म्हणून बाजूला ठेवण्याची सोय या नावात आहे. पुढे कोणी तिला केल्टिक ठरवले, कोणी रोमन. तरुणपणी स्ट्रासबूरला शिकत असताना गटेने हा डोंगर पाहिला. त्यालाही भिंतीचे अवशेष रोमनच वाटले. स्वच्छंदतावादाच्या काळात दगडांच्या एका नैसर्गिक आडोशाला 'द्रुइडांची गुहा' हे नाव मिळाले.

संग्रहांत जपलेल्या खुंट्यांच्या वर्षवलयांचा अलीकडच्या काळात अभ्यास झाला तेव्हा ते लाकूड इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील असल्याचे दिसून आले. ही भिंतीची मूळ उभारणी की जुन्या भिंतीची डागडुजी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण उभारणी मानली तर नवल असे, की तो काळ ओदीलच्या वडिलांचा, म्हणजे आल्सासच्या ख्रिस्ती सरदार एतिकोचा येतो. ज्यांना शतकानुशतके 'ते' म्हटले गेले ते कदाचित 'आपणच' होतो, असा हा निष्कर्ष होईल.

यावरून एक मुद्दा स्पष्ट होतो. स्थळाला नाव देणे हा पाहण्याचाच एक प्रकार आहे आणि चुकीचे नाव ही केवळ माहितीची चूक नसते. व्होजमधील पायवाटांची आखणी आणि त्यांवरील रंगखुणा ज्या संस्थेने केल्या ती १८७२ मध्ये, म्हणजे आल्सास जर्मन साम्राज्यात सामील झाल्यानंतर पुढच्याच वर्षी स्थापन झाली. १८७१, १९१८, १९४० आणि १९४४-४५ या टप्प्यांवर या प्रदेशाची सत्ता बदलत गेली. सत्तेबरोबर पाट्यांवरची भाषाही बदलली. मोरिस बारेसने १९०५ मधील 'ओ सेर्व्हिस द लालमान्य' या कादंबरीत हाच डोंगर फ्रेंच राष्ट्रभावनेचे आसन म्हणून उभा केला. बारेसचा नायक येथे खडक पाहत नाही असे नव्हे. तो खडकांवर हक्क सांगतो. ज्ञान आणि इतिहास आस्वादात आणले की आस्वाद आपोआप नैतिक होतो, हे गृहीत येथे कोसळते. स्थळाविषयी पुष्कळ जाणणारा माणूसही त्या स्थळाला मुठीत धरू शकतो.

४

यानंतर मठ येतो. आख्यायिका सांगते, की ओदील जन्मांध होती. वडिलांनी तिला दूर केले. बाप्तिस्म्याच्या क्षणी तिला दृष्टी आली. पुढे वडिलांनीच होहेनबुर्ग हा आपला गड तिच्या मठासाठी दिला. आल्सासची आणि दृष्टिहीनांची ती संरक्षक संत मानली जाते. मठाखालच्या झऱ्याचे पाणी आजही लोक डोळ्यांना लावतात. अश्रूंचे प्रार्थनागृह नावाच्या जागी, वडिलांच्या आत्म्याच्या सुटकेसाठी ती रडत बसली असे सांगतात. देवदूतांचे प्रार्थनागृह कड्याच्या अगदी टोकावर आहे. त्याला नऊ फेऱ्या घालणाऱ्या मुलीचे लग्न वर्षाच्या आत जुळते, अशी लोकसमजूत होती.

मराठीत या भेदासाठी नेमके शब्द आहेत. 'प्रेक्षणीय स्थळ' पाहिले जाते. देवाचे 'दर्शन' घेतले जाते, आणि तो ते 'देतो'. दर्शनात पाहणारा हा एकटाच कर्ता नसतो. आपणही कोणाच्यातरी दृष्टीसमोर उभे आहोत ही जाणीव त्यात असते. प्रदक्षिणा आणि फेरफटका यांतला फरकही हाच आहे. दोन्हींत माणूस गोल फिरून परत येतो, पण प्रदक्षिणेत मध्यभाग कोणाचा आहे हे ठरलेले असते. फेरफटक्यात मध्यभागी चालणारा स्वतःच असतो. ओदीलच्या मठात १९३१ पासून, आल्सासच्या निरनिराळ्या परगण्यांतून पाळीपाळीने येणाऱ्या भाविकांच्या साहाय्याने, अखंड आराधना चालू आहे. त्याच वास्तूच्या सज्ज्यावर उभे राहून पर्यटक ऱ्हाईनचे मैदान आणि त्यापलीकडचे श्वार्त्सवाल्ड पाहत असतात. एका भिंतीच्या अलीकडे दर्शन आणि पलीकडे प्रेक्षण, असे हे सहजीवन आहे. अश्रद्ध प्रेक्षकाने येथे येऊ नये असे कोणी म्हणत नाही. तरी तो ज्याला 'वातावरण' म्हणून अनुभवतो ते दुसऱ्या कोणाच्या तरी जागरणातून निर्माण झालेले असते, एवढे तरी त्याच्या पाहण्यात यावे की नाही?

याच मठात बाराव्या शतकात हेराद या मठाधिपतीने 'होर्तुस देलिचिआरुम' हा सचित्र ज्ञानकोश आपल्या जोगिणींसाठी सिद्ध केला. १८७० च्या युद्धात स्ट्रासबूरवर झालेल्या तोफांच्या माऱ्यात ग्रंथालय जळाले आणि त्याबरोबर ते हस्तलिखितही. आज त्यातील चित्रे जेवढी पाहता येतात ती त्याआधी कोणीतरी चिकाटीने काढून ठेवलेल्या प्रतिकृतींमुळे. आपले पाहणे दुसऱ्याच्या पाहण्याचे ऋणी असते, याचा याहून ठळक दाखला क्वचितच सापडेल.

५

गटेने आत्मचरित्रात नमूद केले आहे, की या डोंगरावर ऐकलेल्या संत कन्येच्या कथेची प्रतिमा त्याच्या मनात खोलवर रुजली आणि पुढे आपल्या एका मानसकन्येला त्याने तिचे नाव दिले. ही मानसकन्या म्हणजे 'डी वाल्फरवाण्डशाफ्टन' (१८०९) या कादंबरीतील ओटिलिए. कादंबरीचा निवेदक तिला डोळ्यांना निववणारी म्हणतो, तेव्हा नेत्रांची संत त्यामागे उभी असते. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते या कादंबरीचे कथावस्तूइतकेच विस्तृत असलेले भूदृश्य. शार्लोटे आणि एडुआर्ड आपल्या जहागिरीचा परिसर रमणीय करण्याच्या उद्योगात आहेत : पायवाटा, टेकडीवरील विश्रांतिगृह, पुढे एका जुन्या प्रार्थनागृहाची दुरुस्ती. कॅप्टन येतो आणि शार्लोटेने मेहनतीने केलेल्या वाटेत दोष काढतो. खडकाचा एक कोपरा फोडला असता तर वाटेला सुंदर वळण मिळाले असते, असे त्याचे मत पडते. खडक येथे वाटेच्या सौंदर्यातील अडथळा आहे.

मग येते चर्चच्या आवारातील स्मशान. शार्लोटेने तेथील थडग्यांचे दगड उपटून भिंतीच्या कडेने रांगेत लावले आहेत, जमीन सपाट करून तिच्यावर क्लोव्हर पेरले आहे. दृश्य मोठे प्रसन्न झाले आहे. पण एक कुटुंब तक्रार करते आणि चर्चला दिलेली देणगी काढून घेऊ पाहते. त्यांचा वकील जे मांडतो त्याचे सार असे : ओढ दगडाची नसते, दगडाखाली असलेल्या माणसाची असते, स्मारक दुसरीकडे हलवता येते, पण शोकाची जागा हलवता येत नाही. शार्लोटे उत्तर देते, की मृत्यूनंतर तरी सर्वांची समानता असावी हे अधिक सांत्वनदायक नाही का?

गटेने हा वाद कोणाच्याही बाजूने निकाली काढलेला नाही, आणि म्हणूनच तो उपयोगी आहे. शार्लोटे दुष्ट नाही. तिची रुची चांगली आहे, तिचा युक्तिवादही उदार आहे. तिची चूक स्थळ सुंदर केले ही नव्हे. आपल्या पाहण्याची सोय करताना दुसऱ्याला पाहायला जागाच उरणार नाही अशी व्यवस्था तिने केली, ही तिची चूक आहे. क्लोव्हरचे कुरण पाहणाऱ्याला थडगे न पाहण्याचे स्वातंत्र्य पूर्वीही होते; थडगे पाहू इच्छिणाऱ्याला मात्र आता ते कोठेच पाहता येत नाही. येथून एक निकष हाती येतो. स्थळाचा आस्वाद अनैतिक ठरतो तो अज्ञानामुळे नव्हे किंवा अश्रद्धेमुळेही नव्हे. जेव्हा एक पाहणे इतरांच्या पाहण्याची शक्यताच पुसून टाकते तेव्हा तो अनैतिक ठरतो. बारेसचे ज्ञानसंपन्न पाहणे या निकषावर दोषी ठरते. खडकापाशी मुग्ध होऊन उभे राहिलेल्या अजाण मुलाचे पाहणे ठरत नाही.

६

हा निकष पुरेसा आहे काय, याची कसोटी याच वाटेच्या दक्षिण भागात लागते. २० जानेवारी १९९२ रोजी संध्याकाळी लियाँहून स्ट्रासबूरला येणारे एअरबस ए-३२० जातीचे विमान ब्लोस नावाच्या उंचवट्याच्या परिसरात अरण्यात कोसळले. विमानातील ९६ जणांपैकी ८७ मृत्युमुखी पडले, नऊ वाचले. बर्फात, अंधारात, वाचलेल्यांना मदत पोहोचायला चार तासांहून अधिक काळ लागला. चौकशीने जे कारण अधिक संभाव्य मानले ते असे, की उतरण्याचा कोन ३.३ अंश द्यायचा असताना यंत्र दुसऱ्याच रीतीवर राहिले आणि तीच संख्या मिनिटाला ३,३०० फूट उतरण्याची आज्ञा ठरली. पडद्यावरची दोन चिन्हे जवळजवळ सारखी दिसत होती. आज तेथे झाडांमध्ये स्मारक आहे.

कांटने उदात्ताची चर्चा करताना डोक्यावर लोंबकळणाऱ्या कड्यांचे उदाहरण दिले आहे आणि एक अट घातली आहे : पाहणारा सुरक्षित जागी असला पाहिजे. भीतीने ग्रासलेल्या माणसाला उदात्ताचा निर्णय करता येत नाही. ही अट सहसा मानसशास्त्रीय मानून ओलांडली जाते. ब्लोसच्या अरण्यात तिचा नैतिक अर्थ उघड होतो. डोंगराची भव्यता अनुभवता येणे हे सुरक्षिततेचे फळ आहे आणि सुरक्षितता सर्वांच्या वाट्याला आलेली नाही. त्या ८७ जणांसाठी हा डोंगर दृश्य नव्हताच. ढगांत आणि रात्रीत तो त्यांना दिसलादेखील नाही.

येथे वरच्या निकषाची मर्यादा दिसते. चालणारा स्मारकाजवळून न थांबता निघून गेला, तर तो कोणाचेही पाहणे पुसत नाही. आप्तांना त्यांची जागा आहे, त्याला त्याची वाट आहे. तरीही काहीतरी राहून गेले असे वाटते. पण काय? त्याने दुःखी व्हायला हवे होते असे म्हणता येणार नाही. मागणीवरून आणलेले दुःख हा आस्वादाचाच एक विकृत प्रकार होय. मृत्यूच्या जागा पाहत हिंडणारे कुतूहल काही न पाहणाऱ्या उदासीनतेहून श्रेष्ठ नाही. प्रत्येक वळणावर इतिहासाचे ओझे वाहावे असे म्हणणेही चालणार नाही; तसे केल्यास जगात आनंदाने चालण्याजोगी वाट क्वचितच उरेल, कारण रक्त न सांडलेली भूमी दुर्मीळ आहे.

जे मागता येईल ते याहून थोडे आहे, परंतु निश्चित आहे. स्वतःच्या आनंदाला सार्वत्रिक समजू नये. 'हे स्थळ सुंदर आहे' या विधानाला कांटने सर्वांच्या संमतीचा दावा जोडला. चित्रशाळेत तो दावा निभावतो. येथे मात्र त्याच जागी उभी राहिलेली एखादी विधवा संमती नाकारू शकते, आणि तिचे नाकारणे रुचिहीन ठरत नाही. विधान मागे घेण्याची गरज नाही; त्याचा दावा आवरता घेण्याची गरज आहे. पहिल्या निकषाने दुसऱ्याचे पाहणे पुसू नये एवढे सांगितले होते. हा दुसरा निकष सांगतो, की दुसऱ्याचे न पाहणे, न पाहू शकणे, यालाही आपल्या निर्णयात जागा असावी. जन्मांध मुलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगरावर ही गोष्ट लक्षात यायला फार दूर जावे लागू नये.

७

एक आक्षेप शिल्लक राहतो. चालणारा स्वतःची वाट स्वतः ठरवत नाही. झाडांवरच्या खुणा त्याला नेतात. कोठे थांबावे, कोणता कडा 'दृश्य' आहे, कोणता आडोसा 'द्रुइडांचा' आहे, हे त्याच्याआधी कोणीतरी ठरवलेले असते. मग पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर कशी टाकता येईल? आक्षेप रास्त आहे आणि त्याचा परिणाम असा, की जबाबदारीचा मोठा वाटा खुणा करणाऱ्याकडे जातो. शार्लोटे आणि कॅप्टन हे वाटा आखणारे लोक आहेत, त्यांवरून नुसते चालणारे नव्हेत. गटेने त्यांना अधिक कठोर कसोटीला लावले ते उगाच नव्हे.

साहित्याची समीक्षा हाही खुणा करण्याचाच व्यवसाय आहे. संहितेत कोठे थांबावे, काय महत्त्वाचे मानावे, कशाला कोणते नाव द्यावे, हे समीक्षा वाचकाच्या आधी ठरवते, आणि पुष्कळदा खडकाचा आड येणारा कोपरा फोडून वळण सुबक करते. जी कृती एका वाचकाला केवळ रचना वाटते तीच दुसऱ्याला जखम असू शकते. आकृतिवादी समीक्षेने ही जखम लौकिक म्हणून बाहेर ठेवली. नंतरच्या बांधिलकीच्या समीक्षेने कित्येकदा जखमेवरच आपला झेंडा रोवला. पहिलीने दगड भिंतीकडेला लावून क्लोव्हर पेरले, दुसरीने बारेसप्रमाणे डोंगर ताब्यात घेतला. दोघींच्याही खुणा पाळत चालणाऱ्या वाचकाला मूळ जागा दिसेनाशी झाली.

ओदीलच्या डोंगराभोवतीची वाट निघाल्या ठिकाणी परत येते तेव्हा मठ तोच असतो, सज्जा तोच असतो, आत आराधना चालूच असते. सकाळी ज्या कठड्याला रेलून मैदान पाहिले त्याच कठड्याशी आता कोणी दुसरा उभा असतो. त्याला काय दिसते हे विचारता येत नाही. त्याच्यासाठी किंचित बाजूला सरकून उभे राहता येते.